बनियनला कोणत्या कायद्यानं डांबलं?

‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’ लिहिणारा सतराव्या शतकातला इंग्रज प्रवचनकार जॉन बनियन शिकलेला पाद्री होता का?
नाही. बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा, फुटक्या भांड्यांना डाख लावणारा कारागीर.

१६६४ च्या कॉन्व्हेंटिकल कायद्यानं (राजमान्य चर्चबाहेरच्या उपासना-सभांवरची बंदी) त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली ना?
नाही! ऐकीव माहितीवर लिहिलेल्या लेखांतून ही चूक पसरते. अटक झाली १२ नोव्हेंबर १६६० ला, लोअर सॅमसेल या खेड्यात, प्रवचनाच्या सभेत. घरातली माणसं सोडून पाचांपेक्षा जास्त जण उपासनेला जमले तर गुन्हा, हा १६६४ चा नियम आला तेव्हा तो आतच होता. पाळकांवर एकच ठरलेली उपासनापद्धती सक्तीची करणाऱ्या १६६२ च्या युनिफॉर्मिटी कायद्याचाही संबंध नाही. त्या काळात सुमारे २,००० पाळकांची पदं गेली, पण बनियनकडे राजमान्य चर्चचं पद होतंच कुठं? त्याच्यावर खटला भरला तो एलिझाबेथ राणीच्या १५९३ च्या कायद्याखाली. शिक्षा तीन महिन्यांची. त्यानंतरही चर्चला जायला आणि प्रवचन थांबवायला तयार नसेल तर हद्दपारी, परवानगीशिवाय परतला तर फाशी. हद्दपार कुणी केलं नाही, सोडलंही नाही. प्रवचन बंद करतो एवढं म्हणायचं होतं, ते तो म्हणाला नाही. म्हणून बारा वर्षं. सुटका १६७२ मध्ये, राजा दुसऱ्या चार्ल्सच्या धार्मिक सवलतीच्या जाहीरनाम्यानंतर. प्रबंधात हे लिहिणार असाल तर आधी चर्च-इतिहासाच्या प्राध्यापकांना दाखवा, छापून झाल्यावर नको.

खटल्याचं साल कुठं १६६०, कुठं १६६१. खरं कोणतं?
दोन्ही. खटला जानेवारीत झाला. तेव्हा इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, जानेवारी जुन्या सालात मोजत. आज १६६१ लिहा.

मागं घर कसं चाललं?
तो तुरुंगात नाड्यांना धातूची टोकं बसवून विकायला देई. चार मुलं, त्यातली मेरी अंध. पत्नी एलिझाबेथ १६६१ मध्ये त्याच्या सुटकेसाठी न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्यापुढं स्वतः उभी राहिली.

घरात ‘यात्रिकक्रमण’ची जुनी प्रत आहे. विक्रेता ‘पहिली आवृत्ती’ म्हणून भाव सांगतो. विकावी का?
घाई नको. बनियनच्या ‘द पिलग्रिम्स प्रोग्रेस’चं हरी केशवजींनी केलेलं हे मराठी भाषांतर १८४१ चं. मुखपृष्ठ नव्हे, आतलं शीर्षकपान पाहा: साल, छापखाना. ते पान नसेल तर ‘पहिली’ हा शब्द विक्रेत्याच्या पदरचा. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, डिंक कागदात मुरून डाग पडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते काढता येत नाही. पानं मोजा, गहाळ आकडे टिपा, प्रत सुती कापडात आडवी ठेवा आणि दुर्मीळ ग्रंथ सांभाळणाऱ्या ग्रंथपालाला दाखवा. तोवर विक्रेत्याकडून आगाऊ रक्कम घेऊ नका.