नवी तालिका, जुने वाचक आणि ‘पाहा’ कार्डे

ग्रंथालयात ऑनलाइन तालिका, म्हणजे पुस्तकांची संगणकावरची सूची, आणि स्वयंसेवा यंत्रे आणताना ज्येष्ठ वाचक बुजू नयेत म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे. माझी सारी नोकरी ग्रंथालयाच्या तालिका विभागात गेली. ‘ज्येष्ठ वाचक बुजतात’ हे वाक्य ऐकले की मला आजही राग येतो, कारण आमच्याकडे चूक आम्ही केली आणि नाव वाचकांचे झाले.

तालिका संगणकावर नेताना जुन्या तालिकेच्या कार्डांवरून फक्त शीर्षक, लेखक, वर्गांक आणि दाखल क्रमांक टंकायचे, असे ठरले होते. ‘कुसुमाग्रज – पाहा शिरवाडकर, वि. वा.’ अशा धर्तीची, एका नावावरून तालिकेतल्या दुसऱ्या नावाकडे पाठवणारी ‘पाहा’ कार्डे कोणत्याच पुस्तकाची नसल्यामुळे ती कोणी हिशेबातच धरली नाहीत. कार्डांच्या पेट्या हलवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक जुने वाचक पडद्यासमोर बसले आणि एका बोटाने अक्षरे शोधत त्यांनी ‘कुसुमाग्रज’ असे टंकले. ‘एकही नोंद आढळली नाही’ असे उत्तर आले. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिले, पुन्हा तेच. मागे दोघे खोळंबले होते. त्या दोघांना ‘माझेच काहीतरी चुकत असेल’ असे म्हणून ते वाचक उठले. कपाटात त्या कवीची फळीभर पुस्तके होती.

मी हे बैठकीत मांडले, तेव्हा एका सहकाऱ्यांनी ‘सवयीचा प्रश्न आहे’ असे सांगून ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच सिद्धांतांपैकी चौथा, ‘वाचकाचा वेळ वाचवा’, वाचून दाखवला. दुसरा सिद्धांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ असा आहे आणि तो आधी येतो, हे माझे म्हणणे इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढ्यावर आटोपले. वास्तविक दोष संगणकाचा नव्हताच. मार्क या संगणकीय तालिकेच्या नोंदपद्धतीत, अधिकृत नावांच्या नोंदीत, ४०० क्रमांकाचे क्षेत्र व्यक्तीच्या अशा पर्यायी नावांसाठीच असते; आम्ही ते रिकामे ठेवले होते. पुढे कित्येक संध्याकाळी बसून मी ते भरले.

आता आपल्या प्रश्नाकडे. देवघेवीचे एक काउंटर माणसासह चालू राहिले पाहिजे, आणि त्यावर ‘ज्येष्ठांसाठी’ अशी पाटी मुळीच नको, कारण त्या पाटीखाली उभे राहायला कोणालाच आवडत नाही. शोधाचा पडदा रांगेच्या तोंडाशी ठेवू नये. दृष्टिहीन वाचकांसाठी एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, विनामूल्य मिळतो, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. पुस्तकातली चिप रेडिओलहरींनी ओळखणारे आरएफआयडी यंत्र पुस्तकांची चळत एकदम वाचते, हे कोणी सांगितले नाही तर लोक एकेक पुस्तक उघडून बारकोड शोधत बसतात. असे गोंधळलेले तरुणही मी पुष्कळ पाहिले आहेत.

कार्डे कायमची जपावीत, असे मात्र माझे म्हणणे नाही. ग्रंथालयांना तालिकेची कार्डे छापून देणाऱ्या ओसीएलसी या संस्थेनेही २०१५मध्ये ती छापणे थांबवले, आणि हातातल्या वाचकयंत्राने साठा पडताळणीचे आमचे कष्ट किती कमी केले, हे मी नाकारणार नाही. फक्त पेट्या हलवण्यापूर्वी प्रत्येक ‘पाहा’ कार्डावरचे नाव नव्या तालिकेत शोधून पाहावे आणि ज्यांना शून्य उत्तर येईल ती कार्डे बाजूला काढावीत. बैठकीत कोणी चौथा सिद्धांत वाचू लागले, तर तो गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवता येईल.