‘संकरित भ्रूण’ म्हणावं का?

प्रश्न असा: डुकराच्या भ्रूणात मानवी मूलपेशी (ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी घडू शकतात) सोडून मूत्रपिंड वाढवल्याच्या बातमीत ‘संकरित भ्रूण’ असा शब्द आला होता, तो बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. संस्कृतात संकर म्हणजे कुठलीही सरमिसळ, म्हणून व्युत्पत्तीच्या अंगाने शब्द चालून जाईल. पण जीवशास्त्रात मराठीने त्याचा अर्थ केव्हाच पक्का केला आहे: नर एका जातीचा किंवा वाणाचा, मादी दुसऱ्या, आणि दोघांची जनुकं फलनातच एकत्र येतात. खेचराच्या साध्या कातडीच्या पेशीतही घोडी आणि गाढव दोन्ही असतात.

चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग वेगळा आहे. मूत्रपिंड घडायला लागणारी दोन जनुकं त्यांनी डुकराच्या भ्रूणात निकामी केली. रिकाम्या जागी मानवी मूलपेशींनी मूत्रपिंड घडवायला घेतलं. भ्रूण जास्तीत जास्त २८ दिवस वाढू दिले. त्या कोवळ्या मूत्रपिंडांत ५० ते ६० टक्के पेशी मानवी निघाल्या, बाकीच्या डुकराच्या. प्रत्येक पेशीने आपली जात राखली होती.

आपल्या अलंकारशास्त्रात हा भेद फार सुंदर मांडलेला आहे. दोन अलंकार दूध-पाण्यासारखे मिसळले तर संकर. तीळ-तांदळासारखे, वेगळे ओळखू येतील असे एकत्र आले तर संसृष्टी. हे भ्रूण संसृष्टीचं उदाहरण आहे! तरी बातमीत ‘संसृष्ट’ कुणाला उमगणार? तिथे ‘मिश्रपेशी भ्रूण’ लिहावं, किंवा सरळ ‘कायमेरा’. ग्रीक पुराणातल्या सिंह, बकरी आणि साप एकत्र असलेल्या प्राण्याचं ते नाव शास्त्रज्ञांच्या तोंडी रुळलेलं आहेच.

हा काटेकोरपणा मला फार गरजेचा वाटतो. या संशोधनातली खरी काळजी अशी, की मानवी पेशी मूत्रपिंड सोडून मेंदूत किंवा प्रजननग्रंथींत गेल्या तर? त्या प्रयोगात अगदी थोड्या पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत सापडल्या होत्या. ‘संकरित’ म्हटलं की हा प्रश्नच दिसेनासा होतो, कारण संकरात मानवी अंश सगळ्याच पेशींत असता.

जाता जाता: जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला एका रुग्णाला बसवलेलं डुकराचं हृदय मात्र मिश्रपेशी नव्हतं. त्यात काही मानवी जनुकं घातली होती, पण पेशी डुकराच्याच होत्या. त्याला ‘परजातीय प्रत्यारोपण’ म्हणावं.