जाड फँटसी प्रेमकथा निम्म्यात जड झाली, तर सोडावी का?

तुम्ही विचारलंय: कोल्हापुरातल्या वाचनकट्ट्यासाठी तरुण वाचकांची 600 पानी इंग्रजी फँटसी प्रेमकथा घेतली, नायक-नायिका आवडले, पण शाप, भविष्यवाणी, जादूची शाळा, ड्रॅगन आणि दुसरा प्रियकर एवढं सगळं आल्यावर कंटाळा आला. पुरी करू का, आणि कट्ट्यावर काय बोलू?

सोडू नका. पण सगळी पानं सारख्याच लक्षानं वाचायचीही गरज नाही.

दोघं आवडणं आणि पुस्तक जड वाटणं, दोन्ही खरं असू शकतं. प्रेमकथेला वेळ लागतो: आधी संशय, मग गरजेपुरता विश्वास, मग ओढ. दर दोन प्रकरणांनी नवा शत्रू आला की तोच वेळ कापला जातो आणि ओढ प्रसंगातून दिसायच्या ऐवजी नुसती सांगितली जाते. 'काळीज धडधडलं' छापाची वाक्यं वाढली की हे झालंय असं समजा.

प्रत्येक गोष्ट मनातल्या मनात काढून बघा. त्यानं दोघांपैकी कुणाचा निर्णय बदलतो का? शापामुळे ती त्याला स्पर्शच करू शकत नसेल, तर शाप हवाच. ड्रॅगन फक्त शेवटच्या लढाईत आग ओकायला येत असेल, तर ती भरताड. दुसरा प्रियकर पहिल्याकडे नसलेलं काहीतरी देऊ करत असेल तरच त्याला जागा. भविष्यवाणी सगळ्यात घातक, कारण 'तूच ती' असं आधीच ठरलं की नायिकेला निवडायला काही उरत नाही. जादूची किंमतही आधी ठरलेली हवी. अडचण आली की नवी शक्ती जागी होणार असेल, तर कुठल्याच संकटाची भीती वाटत नाही.

नकाशा आणि शब्दसूची पाठ करू नका. कागदावर पाच-सहा नावं आणि कुणाला काय हवंय, एवढंच लिहा. दरबारी खलबतांची पहिली दोन पानं आणि शेवटचं पान पुरे. दोघं प्रवासात किंवा कैदेत एकत्र अडकतात ती प्रकरणं मात्र ओळ न गाळता वाचा. पाऊण पुस्तकाच्या आसपास बहुधा दुरावा येतो. तो एका वाक्याच्या खुलाशानं मिटला असता असं वाटलं, तर पुढचं चाळा. दोघांना खरोखर परस्परविरोधी गोष्टी हव्या असतील, तर शेवटपर्यंत वाचा. मालिकेचा पहिला भाग असेल तर काही धागे मुद्दाम लोंबते ठेवलेले असतात, त्यांना लगेच दोष देऊ नका.

कट्ट्यावर 'छान आहे पण लांबलीय' एवढंच म्हणू नका. अर्ध्या-अर्ध्या पानाचे दोन प्रसंग वाचा, एक जमलेला, एक फसलेला. शक्य झालं तर 1850 सालच्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिरात 1861 ची 'मुक्तामाला' किंवा त्या काळातली दुसरी अद्भुतरम्य कादंबरी मिळते का, विचारा. तिथला योगायोग आणि इथली भविष्यवाणी पात्रांच्या हातून निर्णय कसा काढून घेतात, यावर चर्चा चांगली रंगेल.