ऐतिहासिक शहरी बाग एखादी धर्मादाय संस्था नेमकी कशी सांभाळते?

तुमचा प्रश्न असा आहे: गावातली जुनी बाग महापालिकेच्या हातून सुटत चालली आहे, ती एखाद्या धर्मादाय संस्थेकडे द्यावी अशी चर्चा आहे, तर रोजचं काम कसं चालतं, पैसा कुठून येतो आणि बाग लोकांची राहते का?

मी न्यू जर्सीत राहते आणि गेली सहा वर्षं महिन्यातले दोन शनिवार न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्वयंसेवक म्हणून जाते. म्हणून तिथलंच सांगते. आपल्याकडेही हा प्रकार अगदीच नवा नाही. पुण्याची एम्प्रेस गार्डन अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्थाच सांभाळते.

मालकीचं आधी सांगते, कारण गैरसमज तिथेच होतो. सेंट्रल पार्क आजही न्यूयॉर्क शहराच्याच मालकीचं आहे. नियम शहर ठरवतं, सभा-कार्यक्रमांना परवानगी शहराचं उद्यान खातं देतं. सेंट्रल पार्क कन्झर्व्हन्सी ही संस्था १९८० साली स्थापन झाली आणि १९९८ मध्ये शहराने तिच्याशी रीतसर करार केला. ८४३ एकरांची रोजची निगा या करारानुसार तिच्याकडे आहे: हिरवळ, झाडं, तळी, पूल, बाकं, कचरा, सगळं. खर्चाचा बहुतेक भाग संस्था स्वतः देणग्या गोळा करून भागवते. बागेत शिरायला तिकीट नाही.

ही वेळ का आली? १९७० च्या दशकात शहराची तिजोरी रिकामी झाली आणि बागेकडे बघायला माणसं उरली नाहीत. शीप मेडो नावाचं मैदान आहे, तिथे १९३४ पर्यंत खरोखर मेंढ्या चरायच्या. त्या मैदानावर गवत संपून नुसती धूळ उडायला लागली. १९७९ मध्ये शहराने एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांना बागेच्या प्रशासक म्हणून नेमलं, पुढच्या वर्षी संस्था उभी राहिली. त्याच सुमारास शीप मेडोवर नवी हिरवळ अंथरली गेली, आणि लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं की ही बाग परत येऊ शकते. देणग्या मागायला याहून मोठा पुरावा लागत नाही.

पण पैसा हे अर्धंच उत्तर. माझ्या मते खरी किल्ली कामाच्या वाटणीत आहे. पूर्वी टोळ्या फिरायच्या: गवत कापणारी एक, पाला उचलणारी दुसरी. काम व्हायचं, पण अमुक एक कोपरा कुणाचा, हे कुणालाच सांगता यायचं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यात संस्थेने बागेचे ४९ भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक माळी नेमून दिला. तो भाग त्याचा. बाक मोडलं, नळ गळायला लागला, भिंतीवर कुणी रंग फवारला, की आधी त्याला कळतं आणि विचारायचंही त्यालाच.

हे म्हणजे काय, ते मला एका जूनमधल्या सकाळी समजलं. द मॉल नावाचा रुंद, सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना अमेरिकन एल्मची उंच झाडं. डच एल्म रोगाने या झाडांचा अमेरिकेत जागोजागी फडशा पाडला. इथे मात्र त्यांचा मोठा समूह अजून उभा आहे. आम्ही आळ्यांत लाकडाचा भुसा पसरत होतो. सोबतची माळीणबाई बोलता बोलता थांबली आणि वर बघायला लागली. मला काहीच दिसेना. तिने बोट दाखवलं तेव्हा दिसलं: एवढ्या हिरव्या पसाऱ्यात एकाच फांदीचं टोक पिवळं पडून मलूल झालेलं. तिने लगेच वृक्षपथकाला कळवलं. ही बुरशी सालीतल्या भुंगेऱ्यांबरोबर पसरते आणि शेजारच्या झाडांची मुळं एकमेकांत जुळलेली असली तर जमिनीखालूनही जाते. म्हणून रोगट फांदी वेळेत कापली तर झाड वाचण्याची आशा असते. रोज तेच झाड बघणाऱ्या माणसालाच ते पिवळं टोक दिसतं.

जुन्या वास्तूंनाही हाच धीर लागतो. बागेच्या मध्यावर बेथेस्डा टेरेस नावाचा जुना दगडी चौथरा आहे, त्याच्या कमानींखाली छताला इंग्लंडच्या मिंटन कारखान्यात घडलेल्या सुमारे १६,००० रंगीत फरश्या आहेत. १९८० च्या दशकात त्या उतरवून ठेवाव्या लागल्या. दुरुस्त होऊन परत चढल्या त्या २००७ मध्ये. निवडणुकीच्या हिशोबाने चालणाऱ्या कारभाराला इतकी वर्षं एका छताचा पिच्छा पुरवणं अवघड जातं. संस्थेने तो पुरवला.

इतिहास सांभाळणं म्हणजे फक्त सुंदर ते जपणं नव्हे, हेही इथे शिकले. बागेसाठी १८५७ मध्ये सेनेका व्हिलेज ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती हटवली गेली. घरं, चर्च, शाळा, सगळं गेलं. २०१९ मध्ये संस्थेने त्या जागी माहितीचे फलक लावले. मी पाहुण्यांना आधी तिथे नेते.

आता बाग लोकांची राहते का. हे मला सलतं, म्हणून स्पष्ट लिहिते. २००४ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी युद्धविरोधी संघटनांना ग्रेट लॉन या बागेतल्या मोठ्या हिरवळीवर सभा घ्यायची होती. शहराने नकार दिला, आणि कारण होतं गवताचं नुकसान. हिरवळीला विश्रांती लागते हे मला पटतं; ग्रेट लॉन हिवाळ्यात बंद असतं, पाऊस पडला की बंद असतं, ते योग्यच आहे. पण गवत मोठं की माणसांची सभा, याचा निवाडा देणगीदारांच्या मर्जीवर कधीच जाऊ नये. तो लोकांनी निवडलेल्यांकडेच हवा.

दुसरी गोष्ट विषमतेची. या बागेच्या कडेने अतिश्रीमंत राहतात. २०१२ मध्ये एका गुंतवणूकदाराने एकट्याने १० कोटी डॉलर दिले. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागातल्या गरीब वस्तीतल्या बागेला असा शेजार कुठून मिळणार? संस्थेची माणसं शहरातल्या इतर बागांत जाऊन शिकवतात, मदत करतात, पण तेवढ्याने दरी बुजत नाही. म्हणून संस्था आली की पालिकेने अंग काढून घ्यायचं, हे मुळीच मान्य करू नका.

तुमच्या बागेचा करार लिहिला जाईल तेव्हा तीन गोष्टी त्यात आहेत ना, ते वाचून बघा: मालकी पालिकेची, प्रवेश फुकट, आणि पालिकेचा वार्षिक वाटा आकड्यासकट लिहिलेला. आणि करार होईपर्यंत थांबूही नका. एक छोटा तुकडा मागून घ्या, शक्यतो फाटकाजवळचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. तिथे एक जाणता माळी पगारावर ठेवा आणि त्याचा तुकडा बदलू नका.