गावातल्या सामायिक वर्कशॉपमध्ये सूचनांचा फ्लेक्स लावलाय, पण कुणी पाळत नाही. सूचना कशा लिहाव्यात?

आमच्याकडंही फ्लेक्सच होता. मीच लिहिला होता, म्हणून सांगतो, चूक पोरांची नव्हती.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. दहा-बारा जणांनी वर्गणी काढून पत्र्याच्या शेडमध्ये कटर, वेल्डिंग मशीन आणि स्टँडचं ड्रिल ठेवलंय. मृगाच्या आधी तिथं पाय ठेवायला जागा नसते. कुणाच्या तिफणीचा फण, कुणाच्या वखराची पास. फ्लेक्सवर मी झोकात लिहिलं होतं, 'वीजपुरवठा खंडित झाल्यास उपकरण बंद अवस्थेत ठेवावे.' एकदा लाईट गेली. कटर चालवणारा पोरगा ते टेबलावर ठेवून चहाला गेला. लाईट आली तसं कटर आपोआप फिरायला लागलं आणि उड्या मारत खाली आलं. नशीब, शेडमध्ये कुणी नव्हतं. पोराला झापलं तर म्हणतो, "काका, लाईटच नव्हती. बंदच व्हतं की!"

खरंच होतं त्याचं. त्या कटरचं बटण पुढं सरकवलं की अडकून बसतं, लाईट गेली तरी चालूच्याच जागी राहतं. माझ्या वाक्यात बटणाचं नावच नव्हतं. आता जिथं पिन लावतात तिथंच, पत्र्याच्या तुकड्यावर ऑइलपेंटनं लिहिलंय: 'लाईट गेली? बटण मागं ओढा. पिन काढा. मगच कटर खाली ठेवा.'

म्हणजे हातानं जे करायचं तेच लिहा, आणि ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं. 'कटरचा नट सोडवून डिस्क काढा, त्याआधी पिन काढलेली असावी' असं लिहिलं तर वाचणारा पुढच्या शब्दावर पोचेपर्यंत पाना नटावर बसलेला असतो. पिन पहिल्या ओळीत.

सगळ्या मशीनना एकच नियम लावू नका. मी सरसकट 'हातमोजे सक्तीचे' लिहून ठेवलं होतं. वेल्डिंगला ते हवेतच. पण ड्रिलच्या फिरत्या बिटात मोजा अडकला की बोटंही ओढली जातात. त्यामुळं ड्रिलवर आता 'मोजे काढा, अडकतात' असं आहे. कारण दोन शब्दांत दिलं की लोक ऐकतात, नुसत्या हुकमाला विचारत नाहीत.

वेल्डिंगच्या आकड्यांत तर फार घोळ होतो. 'जाड रॉडला करंट जास्त' हे बरोबर आहे, पण आपल्याकडं रॉड नंबरानं मागतात आणि १० नंबरचा रॉड १२ नंबरपेक्षा जाड असतो. नवीन माणूस नेमकं उलटं करतो. म्हणून दोन्ही लिहा: १२ नंबर म्हणजे २.५ मिमी, साधारण ६० ते ९० अँपिअर. १० नंबर म्हणजे ३.१५ मिमी, ९० ते १३०. रॉडच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. आम्ही मशीनच्या डायलवर नेलपॉलिशच्या दोन खुणाच करून ठेवल्यात.

पाटी टांगण्याआधी एक काम कराच. ज्यानं मशीनला कधी हात लावला नाही अशा माणसाला ती वाचायला द्या, आणि शेजारी तोंड बंद ठेवून उभे राहा. (मला हेच सगळ्यात जड गेलं.) मशीन अजून बंदच होतं, माझ्या भाचीनं वेल्डिंगच्या पाटीवर 'अर्थ नीट जोडा' वाचलं आणि अर्थिंगच्या वायरीचा चिमटा टेबलाच्या रंगवलेल्या पायाला लावला. चिमटा तर घट्ट बसला होता, म्हणजे 'नीट'च! आता पाटी म्हणते: 'ज्या लोखंडाला वेल्डिंग करायचंय, त्यालाच चिमटा लावा. आधी रंग-गंज खरवडा.'

वर्गणी किती, चावी कुणाकडं, हे दारावर लावा, मशीनजवळ नको. आणि तो फ्लेक्स फेकू नका. आमचा शेड गळतो, पावसाळ्यात वेल्डिंग मशीनवर तोच टाकतो.