डबाबंद मासे वापरून झटपट लो-कार्ब काय करता येईल?

कार्ब कमी ठेवायचेत, सॅलड खाऊन कंटाळा आलाय, ओट्यापाशी फार वेळ उभं राहायला जमत नाही आणि कपाटात टूना-सार्डिनचे डबे पडून आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग निम्मं काम झालंच की! डब्यातला मासा शिजलेलाच असतो.

माशात कार्ब जवळपास शून्य. पाण्यातल्या टूनाच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 25 ग्रॅम प्रथिनं मिळतात. घोळ असतो तो सॉसमध्ये. टोमॅटो किंवा गोडसर सॉसच्या डब्यात साखर, स्टार्च असू शकतं, तेव्हा लेबल वाचा. तेलातला मासा बिनधास्त घ्या. कॅलरीही मोजत असाल तर तेल निथळून टाका.

माझा हुकमी पदार्थ म्हणजे टूनाचे कटलेट, तेही बटाटा आणि ब्रेडचा चुरा न घालता. असे कटलेट तव्यावर फुटतात ही नेहमीची तक्रार, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा पाणी. टूना चाळणीत ओतून मुठीत घट्ट पिळायचा, अगदी सुटा भुगा होईपर्यंत. एका लहान डब्याला थोडा बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड. आता चाखून बघा, कारण डब्यात मीठ असतंच, वरून बहुधा लागत नाही. मग एक अंडं फोडून कालवा आणि 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. चपटे थापून मध्यम आचेवर टाका आणि खालची बाजू खरपूस होऊन तवा सोडेपर्यंत उलथनं लावू नका. धीर सुटतो तो इथेच. तरीही मिश्रण सैल वाटलं तर चमचाभर बदामाचं पीठ घाला.

सार्डिनला कोबी छान लागतो. लसणाच्या फोडणीवर लांब चिरलेला कोबी मोठ्या आचेवर परता, थोडा करकरीत राहू द्या. सार्डिन अगदी शेवटी घालून एकदाच हलवा, नाहीतर लगदा होतो. काटे काढत बसू नका. ते चमच्याने चुरतील इतके मऊ झालेले असतात आणि कॅल्शियम त्यांच्यातच असतं. वरून लिंबू पिळलं की वासही बराच मरतो.

त्याहून घाई असेल तर टूना घट्ट दह्यात मोहरीची पेस्ट घालून कालवा आणि बिया काढलेल्या काकडीत भरा. ऑम्लेटमध्ये तर काहीही खपतं.

रोज मात्र टूना नको. तो मोठा मासा, त्यात पारा साठतो. अल्बाकोर जातीत तर डब्यावर ‘लाइट’ लिहिलेल्या, म्हणजे बहुधा लहान जातीच्या टूनाच्या जवळपास तिप्पट. सार्डिन लहान, त्यामुळे त्यात पारा कमी. आलटून पालटून खा. घरात कोणी गरोदर असेल तर हे जास्तच पाळा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर कार्ब एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस बदलावा लागू शकतो.

उरलेला मासा डब्यात न ठेवता काचेच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, 3 दिवसांत संपवा. आणि डबा फुगलेला दिसला तर न उघडता सरळ टाकून द्या, चाखून बघायच्या भानगडीत पडू नका.