ही कृपा, दया की लाड?

एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या मुलाने गृहपाठ केला नाही आणि वहीवर आईची सही स्वतःच ठोकून दिली. ते उघडकीला आल्यावर पोरगा भिंतीला टेकून रडायच्या बेतात उभा राहिला. ताईंनी हात उगारला नाही. जेवणं उरकल्यावर शेजारी बसून राहिलेला सगळा अभ्यास पुरा करून घेतला. जाऊबाई म्हणाल्या, "हे लाड झाले." चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "ही कृपा." आता ताई विचारतात की यातला नेमका शब्द कोणता, आणि 'आईबापांच्या आज्ञेत राहा' असे सांगणाऱ्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, हे बसते का?

ताई, बोलताना आपण 'दया' आणि 'कृपा' सर्रास एकमेकींच्या जागी वापरतो. मराठी पवित्र शास्त्रात मात्र त्यांचे काम वेगवेगळे आहे. इब्री लोकांस पत्रात (४:१६) दोन्ही एकाच वाक्यात येतात: आपल्यावर 'दया व्हावी' आणि ऐनवेळी साहाय्यासाठी 'कृपा मिळावी'. क्रियापदे बघा. दया होते, म्हणजे वाट्याला आलेले टळते. कृपा मिळते, म्हणजे ज्यावर आपला हक्क नव्हता ते पदरात पडते. तुमच्या मुलाचा मार चुकला ती दया. दिवसभर दमलेली आई रात्री वही उघडून शेजारी बसली ती कृपा. लाड कधी झाले असते? खोटी सही बघून "जाऊ दे, लहान आहे" म्हणत तुम्ही वही मिटली असती तर.

जाऊबाईंची शंका तरीही रास्त आहे, कारण कृपा म्हणजे ढील असा समज चर्चच्या मंडळीतही भेटतो. त्यावर माझ्या मते सगळ्यांत बोलके वचन तीताला पत्रात आहे (२:११-१२): देवाची कृपा प्रकट झाली आहे आणि 'ती आपल्याला शिकवते'. या 'शिकवते'मागे मूळ ग्रीकमधले 'पैदेउओ' हे क्रियापद आहे. ते 'पैस', म्हणजे मूल, या शब्दावरून आले. अर्थ मुलाला वाढवणे, वळण लावणे. इब्री लोकांस पत्रात (१२:६) प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला 'शिक्षा करतो', तिथेही हेच क्रियापद आहे. आणि इफिसकरांस पत्रात (६:४) बापांना मुले ज्या 'शिस्तीत' वाढवायला सांगितली आहेत, तो शब्द 'पैदेइआ', त्याच कुळातला. आपल्याकडे 'शिक्षण' आणि 'शिक्षा' एकाच धातूपासून निघाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. म्हणजे तीताला पत्र लिहिणाऱ्या पौलाच्या लेखी वळण लावणारी खुद्द कृपाच आहे. शिस्त एका बाजूला आणि कृपा दुसऱ्या बाजूला अशी वाटणी मूळ शब्दांना मान्यच नाही.

आता 'आज्ञेत राहा' (इफिसकरांस ६:१). इथले ग्रीक क्रियापद 'हुपाकुओ' 'ऐकणे' या क्रियापदापासूनच बनले आहे. आपणही "पोरगं ऐकत नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या कानांची तक्रार करत नसतो. शिवाय भाषांतरकारांनी 'आज्ञा पाळा' न लिहिता 'आज्ञेत राहा' लिहिले, हे मला फार आवडते. आज्ञा पाळून माणूस दूर जाऊ शकतो; आज्ञेत राहायचे तर जवळ राहावे लागते. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला आठवा (लूक १५): धाकटा भाऊ वाट्याची मालमत्ता उधळून परत येतो आणि बाप त्याला आनंदाने घरात घेतो, तेव्हा घरीच राहिलेला हा मुलगा. "तुमची एकही आज्ञा मी कधी मोडली नाही," असे तो बापाला ऐकवतो, आणि ते खरेही असावे. पण हे तो घराबाहेर उभा राहून बोलतो; 'रागावला व आत जाईना' असे लूक लिहितो. धाकट्यासाठी बाप धावत गेला होता, या थोरल्याची समजूत घालायलाही तोच बाहेर येतो. मला तर दाखल्याचा हा उत्तरार्ध पालकांसाठी जास्त मोलाचा वाटतो, कारण गुणी पोरालाही कृपा लागते हे आपण विसरतो.

इफिसकरांस पत्रातल्या त्याच वचनात (६:४) बापांना एक ताकीदही आहे: मुलांना 'चिरडीस आणू नका'. हा अस्सल घरगुती मराठी शब्द. इतके टोचून बोलायचे की मूल वैतागून रडकुंडीला येते, हातपाय आपटते, म्हणजे चिरडीस येते. कलस्सैकरांस पत्रात (३:२१) पुढे परिणामही दिला आहे: ती 'खिन्न' होतील. भिंतीला टेकलेल्या मुलाला तेव्हा आणखी चार शब्द सुनावले असते, तर नेमके हेच घडले असते.

तेव्हा तुमच्या पाळकसाहेबांचा शब्द बरोबर आहे. फक्त सही कोणाची होती हे वर्गशिक्षिकेला अजून सांगितले नसेल, तर ते त्यालाच सांगू द्या आणि तुम्ही सोबत जा. तेही त्याच 'शिकवते'मध्ये येते.